बळी कोणाचा, बेरीज कोणाची : ‘पुष्कळांसाठी थोडे’ या न्यायाची कथारूपे

दुर्योधनाच्या जन्मसमयी अपशकुन झाले तेव्हा विदुराने धृतराष्ट्रापुढे एक साधा हिशेब मांडला, असे महाभारताच्या आदिपर्वात सांगितले आहे. शंभरांतून एक वजा केला तरी नव्याण्णव पुत्र उरतात. त्या एकाच्या त्यागाने कुळाचा आणि जगाचा नाश टळणार असेल तर तो त्याग राजाने करावा. व्यक्ती कुळासाठी, कुळ गावासाठी आणि गाव जनपदासाठी सोडून द्यावे, हा सुप्रसिद्ध सोपान याच हिशेबाला जोडून येतो. द्यूताच्या प्रसंगी सभापर्वात आणि नंतर उद्योगपर्वात विदुर तो पुन्हा ऐकवतो. पुढे पंचतंत्रासारख्या नीतिग्रंथांतून त्याला स्वतंत्र सुभाषिताचे आयुष्य लाभले आणि मूळ प्रसंग मागे पडला. या सोपानाची शेवटची पायरी मात्र उद्धृत करणारे सहसा झाकून ठेवतात. तेथे आत्म्यासाठी पृथ्वीही सोडावी असे म्हटले आहे. तीन पायऱ्यांपर्यंत संख्या वाढत जाते आणि चौथ्या पायरीवर एकच सर्वांपेक्षा जड ठरतो! ज्या वचनाला ‘थोड्यांचा त्याग करून पुष्कळांना वाचवावे’ या न्यायाचा भारतीय आधार मानले जाते, ते वचन स्वतःच त्या न्यायाशी अखेरपर्यंत प्रामाणिक राहत नाही.

वचनापेक्षाही प्रसंग अधिक बोलका आहे. येथे त्याग सुचवला जात आहे तो राजाला, आणि तोही त्याच्या स्वतःच्या औरस पुत्राचा. धृतराष्ट्र पुत्रस्नेहापोटी तो नाकारतो. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याच घरातला ‘एक’ मागितला गेला की बेरीज अडते, हे महाभारतकाराने इतक्या आरंभी नोंदवून ठेवले आहे. उलट, ज्या कथांमध्ये ही बेरीज बिनतक्रार पुरी होते, त्यांतील ‘थोडे’ कोण असतात, हा प्रश्न तौलनिक अभ्यासात यापेक्षा अधिक विचारला जायला हवा.

नीतितत्त्वज्ञानात हा प्रश्न गेल्या अर्धशतकात वेगळ्या वाटेने गेला. फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीने १९६७ साली आवर न घालता येणाऱ्या ट्रामचे उदाहरण योजले : एका रुळावर पाच माणसे, दुसऱ्यावर एक, चालकाने ट्राम कोणीकडे वळवावी? जुडिथ जार्विस थॉमसन यांनी पुढे त्यात चालकाऐवजी खटक्याजवळ उभा असलेला त्रयस्थ आणला. या विचारप्रयोगांची उपयुक्तता निर्विवाद आहे. मारणे आणि मरू देणे यांतील भेद त्यांनी सूक्ष्मपणे तपासला. परंतु रुळांवरच्या त्या सहा जणांना नाव नाही, नाते नाही, जात नाही, आणि ते रुळांवर कसे आले याला इतिहास नाही. तर्काच्या सोयीसाठी जे वगळावे लागते, नेमक्या त्याच सामग्रीतून कथा घडते. म्हणून साहित्याचा अभ्यासक ‘एकाचा बळी देऊन पाच वाचवणे योग्य काय?’ या प्रश्नाच्या एक पाऊल आधी थांबतो. तो एक निवडला कसा गेला, हे त्याला पाहायचे असते.

त्या दृष्टीने आदिपर्वातील बकवध हे उपाख्यान वाचण्यासारखे आहे. शाळकरी आवृत्त्यांमध्ये ते भीमाच्या पराक्रमाची गोष्ट होऊन बसले आहे. मूळ संहितेत भीम रणात उतरण्यापूर्वी एका ब्राह्मण कुटुंबातील दीर्घ संवाद येतो, आणि उपाख्यानाचे खरे वजन तेथे आहे. एकचक्रा नगरीवर बक राक्षसाची सत्ता आहे. बाहेरच्या शत्रूंपासून तो नगरीचे रक्षण करतो आणि त्याच्या बदल्यात गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस एवढा त्याचा कर आहे. प्रत्येक घराची पाळी अनेक वर्षांनी येते. पाळी चुकवू पाहणाऱ्याला तो बायकामुलांसह खातो. म्हणजे ही एक रीतसर व्यवस्था आहे. तिच्यात पाळी आहे, वरवर पाहता समानता आहे, आणि एकाच्या मोबदल्यात सर्वांची सुरक्षितता आहे.

पाळी आलेल्या घरात मात्र या व्यवस्थेची भाषा टिकत नाही. ब्राह्मण म्हणतो, कोणालाच देता येत नाही. पत्नी स्वतःला पुढे करते, आणि स्त्रिया अवध्य मानल्या जात असल्याने राक्षस आपल्याला कदाचित सोडूनही देईल, असा तिचा युक्तिवाद असतो. मुलगी म्हणते, मी कधीतरी या घरातून द्यायचीच आहे; मग आताच द्या आणि बाकीचे वाचवा. कन्यादान आणि बलिदान यांतील अंतर या एका युक्तिवादात पुसले जाते; लोकगीतांकडे वळताना ही गोष्ट पुन्हा समोर येईल. अगदी लहान मुलगा गवताची काडी उगारून राक्षसाला मारायला निघतो आणि त्या शोकात सगळ्यांना क्षणभर हसू येते. चौघांपैकी एकही जण दुसऱ्याचे नाव घेत नाही. प्रत्येकाचे गणित स्वतःला वजा करण्यापासून सुरू होते.

याच ओघात ब्राह्मण एक माहिती देऊन जातो, जिच्याकडे टीकाकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. या प्रदेशाला राजा आहे. पण तो दुबळा आहे आणि प्रजेच्या रक्षणाचा उपाय करीत नाही. अर्थात बकाची पाळी हे दैव नव्हे. कर्तव्यच्युत राजसत्तेने मोकळ्या ठेवलेल्या जागेत ती उभी राहिली आहे. ‘एक द्या नाहीतर सर्व मरतील’ असा पर्याय समोर येतो तेव्हा तो पर्याय कोणी तयार केला, ही विचारणा संहितेतच आहे. कुंती आपला पुत्र पाठवायला निघते तेव्हा युधिष्ठिर तिला दोष देतो, दुसऱ्याच्या मुलासाठी स्वतःच्या मुलाचा त्याग कसा करतेस म्हणून. कुंतीला भीमाचे बळ ठाऊक आहे, त्यामुळे तिचा त्याग हा काटेकोरपणे त्याग नव्हेच. महाकाव्याने येथे पळवाट काढली आहे, हे मान्य करावे लागते.

लोकगीते अशी पळवाट काढत नाहीत. कन्नडमध्ये ‘केरेगे हार’ नावाचे कथागीत सर्वश्रुत आहे. तळ्याला दिलेला बळी, असा त्या नावाचा आशय. कल्लनकेरीच्या मल्लनगौडाने तळे खोदविले, पण त्याला पाण्याचा थेंब लागेना. सुनेचा बळी हवा असे सांगण्यात आले. थोरली सून गेली तर घर चालणार कसे, असा विचार होऊन धाकट्या भागीरथीवर निवड येऊन ठेपते. तिला ते उमजते आणि ती माहेरी जाते. तेथे आईवडिलांना ती खरे सांगत नाही. सासरची मंडळी वेगळे काढणार आहेत, एवढेच म्हणते. खरी गोष्ट ती केवळ मैत्रिणीला सांगते आणि मैत्रीणही, सासरचे ठेवतील तसे राहावे, असेच तिला समजावते. सासरी परतल्यावर तळ्याची पूजा होते आणि सगळी मंडळी घरी निघतात. सोन्याची वाटी काठावर राहिली, असे निमित्त काढले जाते. ती आणायला इतर सुना नकार देतात, भागीरथी जाते. एकेक पायरी ती वर चढू लागते तसे पाणी चढत जाते आणि अखेर तळे तिला पोटात घेते. सैन्यात असलेला तिचा नवरा महादेवराय परत येतो, सत्य कळताच घोड्यावरून तळ्याकडे धाव घेतो आणि पाण्यात उडी टाकतो.

पाणी सर्वांना हवे होते, याबद्दल गीताच्या मनात शंका नाही. त्याचे सारे लक्ष निवडीच्या यंत्रणेवर आहे. घरात चर्चा होते. पण जिच्याबद्दल ती होते तिला वगळून. सोन्याच्या वाटीचे निमित्त हे जणू सर्वांना समान संधी देणारे आहे. कोणीही परत जाऊ शकली असती. प्रत्यक्षात जी नाही म्हणू शकत नाही तीच जाणार, हे सर्वांना आधीच ठाऊक आहे. सून ही घराची असते आणि घराची नसतेही. मराठीत ‘परक्याची लेक’ या शब्दप्रयोगात हे दुहेरीपण मुरलेले आहे. देवतेपुढे ‘आमच्या घरातले माणूस दिले’ असे म्हणता यावे इतकी ती आपली, आणि देताना हात थरथरू नये इतकी परकी. धृतराष्ट्राला जे जमले नाही ते गौडाला जमते, याचे कारण तळ्याच्या पुण्यात शोधण्यापेक्षा या नात्यात शोधावे.

गुजरातमध्ये वढवाणच्या माधावावेविषयीचे गीत याच जातीचे आहे. वाव म्हणजे आपल्याकडची बारव. तेथे मुलगा आणि सून अशी जोडी मागितली जाते, म्हणजे औरस पुत्रही सुटत नाही. वरील निरीक्षणाला हा अपवाद मानावा लागेल. महाराष्ट्रात पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथाही मुलगा आणि सून यांचीच आहे. पण तेथे बुरुज राजाचा आणि पायात गाडलेली नाथनाक व देवकाई ही जोडी मात्र बहिरनाक महाराच्या घरची. जोडी तीच असली, तरी ती ज्या घरातून येते ते घर बदलले आहे, आणि त्यातच सारे आले.

बाल्कन प्रदेशातील कथागीतांशी या सामग्रीचे साम्य अभ्यासकांनी फार पूर्वी हेरले. अ‍ॅलन डंडस यांनी १९९६ साली ‘द वॉल्ड-अप वाइफ’ या संग्रहात युरोपीय व भारतीय रूपांवरील लेखन एकत्र आणले. वुक काराजिच यांनी संकलित केलेल्या सर्बियन गीतात स्काडरचा किल्ला दिवसा बांधावा आणि रात्री ढासळावा, असे चालले आहे. वुकाशिन, उग्लेशा आणि गोइको हे तीन भाऊ शपथ घेतात की बायकांना काही सांगायचे नाही. उद्या जी जेवण घेऊन येईल तिला भिंतीत चिणायचे. थोरले दोघे शपथ मोडून आपापल्या बायकांना सावध करतात. धाकटा गोइको शपथ पाळतो, म्हणून त्याची तरुण बायको चिणली जाते. तान्ह्या मुलाला पाजता यावे एवढी फट ती मागून घेते. याकोब ग्रिमने हे गीत जर्मनमध्ये आणले तेव्हा त्याला ते थोर वाटले, तर गटेला ते रानटी वाटले. दोघांचे लक्ष बळीच्या क्रौर्यावर होते, असे दिसते. गीताने मात्र अधिक थंड अशी गोष्ट सांगितली आहे : सोडत काढली गेली, आणि ती काढणाऱ्यांनीच फोडली. कल्लनकेरीची सोन्याची वाटी आणि स्काडरची शपथ यांत हजारो मैलांचे अंतर असूनही दोन्ही ठिकाणी यदृच्छा हा केवळ देखावा आहे. दोन्हीकडे धाकटी सूनच जावी, हा आदिबंधाचा चमत्कार मानण्याचे कारण नाही. एकत्र कुटुंबातील बळाची उतरंड दोन्हीकडे सारखी आहे, इतकेच.

ग्रीक परंपरेतील आर्टाच्या पुलाच्या गीतात एक वेगळा कंगोरा आहे. चिणली जाणारी स्त्री पुलाला शाप देते : मी कापते तसा तूही कापत राहा. मग तिला आठवण करून दिली जाते की परदेशी गेलेला तिचा भाऊ कधीतरी याच पुलावरून येईल. ती शाप मागे घेते. ज्या ‘पुष्कळां’साठी ती मरते आहे त्यांच्यात तिचे म्हणावे असे एकच माणूस निघते आणि त्या एका धाग्यावर पूल उभा राहतो. लोकहिताची संमती प्रत्यक्षात कशी मिळवली जाते, याचे इतके नेमके चित्रण अन्यत्र क्वचितच आढळेल.

या परंपरेचा सर्वांत भेदक पुनर्विचार अल्बेनियन कादंबरीकार इस्माईल कादरे यांनी १९७८ च्या ‘तीन कमानींचा पूल’ या कादंबरीत केला. चौदाव्या शतकात एका नदीवर पूल बांधला जात आहे आणि नावाडी व्यवसायाच्या हितसंबंधांना त्यामुळे धक्का बसतो आहे. रात्रीतून पुलाची मोडतोड होऊ लागते. त्याच सुमारास गावोगाव भिंतीतल्या स्त्रीचे जुने कथागीत नव्याने गायले जाऊ लागते, आणि काही दिवसांनी एक गवंडी पुलाच्या खांबात चिणलेला आढळतो. निवेदक असलेल्या धर्मोपदेशकाला उलगडते ते हे की हा खून आहे आणि गीताने त्याला बलिदानाचा वेष आधीच शिवून ठेवला होता. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे अस्वस्थ व्हायला हवे. जे गीत आपण बळी गेलेल्याचा आक्रोश म्हणून वाचतो तेच बळी घेणाऱ्याचा परवाना म्हणूनही वापरता येते, आणि गीताच्या संहितेत त्यासाठी एकही शब्द बदलावा लागत नाही.

आतापर्यंतच्या कथांत बळी जाणाऱ्याला फार तर विलाप करता येतो, शाप देता येतो किंवा फट मागता येते. पाटणच्या सहस्रलिंग तलावाची कथा याला अपवाद आहे. सिद्धराज जयसिंह या सोलंकी राजाने बारावे शतक सुरू असताना हा तलाव बांधविला. जसमा ओडणीच्या शापाने तो कोरडा राहिला आणि बत्तीसलक्षणी पुरुषाच्या बळीनेच त्याला पाणी लागेल, असे ठरले, ही पुढची दंतकथा. भवाईच्या खेळांतूनही ती लोकांपर्यंत गेली. निवड विणकर समाजातल्या अस्पृश्य मायावर आली. गुजरातमधील दलित परंपरा त्याला वीर मेघमाया म्हणून आजही पूजते. माया जायला तयार होतो, पण तत्पूर्वी राजाकडे मागणे मांडतो : आपल्या लोकांच्या गळ्यातले थुंकीचे मडके आणि कमरेचा झाडू निघावा, त्यांना गावाजवळ राहू द्यावे.

या मागण्याने सगळ्या हिशेबाचे स्वरूपच बदलते. राजाचे गणित ‘एक विरुद्ध नगर’ असे होते. माया दाखवून देतो की या नगरात त्याचे लोक धरलेलेच नाहीत. ज्या समूहाला सार्वजनिक पाणवठ्याचा स्पर्श वर्ज्य, त्याच समूहातून पाणवठ्यासाठी माणूस मागितला जातो. देणारे आणि पिणारे वेगवेगळे असतात. आपण पुष्कळांतले नाही, हे जाणून माया पुष्कळांत प्रवेशाची किंमत म्हणून आपला जीव मोजतो. हा सौदा न्याय्य म्हणता येईल काय? नाही, जे जन्मतः मिळायला हवे ते मरून विकत घ्यावे लागणे यात न्याय कसला. तरीही येथे प्रथमच बळी हा बेरजेतला आकडा न राहता बेरीज तपासणारा होतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जे पाणी प्याले गेले, त्यामागेही सार्वजनिक या शब्दात कोण मोडतो हाच प्रश्न होता. फरक इतकाच की तो जीव देण्याच्या बोलीवर विचारलेला नव्हता.

आधुनिक राज्याने देवतेचा कौल काढून टाकला आणि त्या जागी ‘सार्वजनिक प्रयोजन’ हा शब्द आणला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा तो कणा होता. धरणासाठी जमीन घेण्याविरुद्ध १९२१ मध्ये उभा राहिलेला मुळशीचा सत्याग्रह याच शब्दावर आदळला. सरदार सरोवराच्या खटल्यात १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बांधकामास वाट मोकळी केली. न्यायमूर्ती भरुचा यांचे मत विरोधी होते. जुन्या कायद्याच्या जागी २०१३ मध्ये नवा कायदा आला. खासगी कंपन्यांसाठी जमीन घेताना ८० टक्के आणि खासगी भागीदारीतील सार्वजनिक प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती त्याने आवश्यक केली. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांना ही अट नाही. भागीरथीच्या घरात झालेल्या चर्चेपेक्षा ही सुधारणा मोठी, हे नाकारता येणार नाही. मात्र संमतीचीही टक्केवारी ठरली की उरलेले २० किंवा ३० टक्के पुन्हा ‘थोडे’ होतात.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरण हवे की नको या वादात ती जवळपास शिरत नाही. तिची पाने भरली आहेत ती मोजणी, नोटिसा, पर्यायी जमिनीसाठीचे हेलपाटे, कचेऱ्यांतील लाच आणि मध्यस्थांची लूट यांनी. काही वाचकांना हा तपशील कादंबरीच्या घाटाला भार वाटला. परंतु बळीची कथागीते ज्या क्षणी संपतात तेथून ही कादंबरी सुरू होते. तळ्यात पाणी आले, त्यानंतर काय झाले? गीतात बळी एकदा जातो. कादंबरीत तो वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या चढत राहतो, आणि लाभक्षेत्राला त्याचे पाहुणेपणही नको असते. एका क्षणाच्या उदात्त त्यागाची प्रतिमा या दीर्घ झिजेवर पांघरूण घालते. पाटील यांनी ते पांघरूण ओढून काढले, हे त्यांचे वाङ्मयीन काम.

या सर्व कथांच्या अलीकडे, बकाच्या नगरीला पोहोचण्यापूर्वीच, महाभारतात आणखी एक प्रसंग आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादिलेल्या भांडारकर संस्थेच्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीतही तो कायम आहे. लाक्षागृह पेटवण्याच्या रात्री कुंतीने अन्नदान केले. एक निषादी आपल्या पाच मुलांसह जेवायला आली, मद्य पिऊन तेथेच झोपली आणि आगीत जळाली. सकाळी मिळालेल्या सहा प्रेतांमुळे पांडव मेल्याची कौरवांची खात्री पटली. येथे तर बेरीजही नाही. सहा वाचले ते सहांच्या बदल्यात. संख्येने जे सिद्ध होत नाही ते वजनाने सिद्ध झाले आणि ते इतके सहज झाले की त्या सहांना कोणी नावेही दिली नाहीत. एकचक्रेतल्या ब्राह्मण कुटुंबाच्या शोकाला संहितेने अध्यायच्या अध्याय दिले. निषादीच्या वाट्याला मोजके श्लोक आले. कुंती ब्राह्मणासाठी पोटचा मुलगा द्यायला निघते ती या रात्रीनंतर थोड्याच काळाने. त्या दोन प्रसंगांचा संबंध महाभारत जोडत नाही.

तो महाश्वेता देवी यांच्या ‘कुंती ओ निषादी’ या बंगाली कथेने वेगळ्या जागी नेऊन जोडला. युद्धानंतर धृतराष्ट्र व गांधारी यांच्यासोबत वनात आलेली वृद्ध कुंती आपल्या आयुष्यातील पापे एकांतात बोलून दाखवते. कर्णाचा त्याग हे तिला आपले सर्वांत मोठे पातक वाटते. ते ऐकणारी एक निषाद स्त्री तिला विचारते की याहून मोठे पातक तिला आठवत नाही काय. कुंतीला खरोखरच आठवत नाही. विचारणारी ही स्त्री जळालेल्या निषादीची सून आहे. वणवा येणार हे झाडांच्या राळेच्या वासावरून निषादांना कळलेले असते आणि ते अरण्य सोडून निघालेले असतात. कुंतीला ती हे सांगते आणि आपल्या लोकांच्या मागोमाग जाते. कुंती आश्रमाकडे वळते. तेथे दोघे वृद्ध तिची वाट पाहत बसलेले आहेत, त्यांतील एक आंधळा आणि दुसरीच्या डोळ्यांवर पट्टी.